अडलंय की चाललंय?

आमच्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला, की गाव घरांना कुलपं लावतो, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं बरोबर घेतो आणि वेशीबाहेर राहुट्या ठोकून तीन दिवस, तीन रात्री राहतो. नंतर देवाला पुन्हा कौल लावतात. कौल झाला तर गाव भरतो. नाही झाला तर मुक्काम वाढतो. किल्ली कमरेला असते, कुलूप आपणच घातलेलं असतं, घराची कौलं पलीकडून दिसत असतात, पण आत जायचं नाही.

बाहेरून आलेले लोक यावर ‘श्रद्धा की अंधश्रद्धा’ हा प्रश्न टाकून मोकळे होतात. मला त्या प्रश्नात फार रस नाही. माझा प्रश्न त्या वाढलेल्या एका दिवसाचा आहे. कौल झाला नाही म्हणून गाव वेशीबाहेर बसून राहिलेला असतो, तेव्हा नेमकं काय होत असतं? देवाच्या बाजूने काही काम चाललेलं असतं, की काहीतरी अडलेलं असतं, की दोन्ही नाही आणि आपण नुसते थांबलेले असतो? थांबणाऱ्याला बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं.

हा प्रश्न मला देवळात कमी आणि दुकानात जास्त पडतो. मालवणला भरडावर माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाचं शूटिंग करणारे, होमस्टेवाले, डायव्हिंगवाले, निवृत्त मास्तर, सगळ्यांच्या हार्डडिस्क माझ्या टेबलावर येतात, आणि हल्ली त्यांतल्या बऱ्याच कुलूपबंद असतात. कुणी बिटलॉकर लावलेलं असतं, कुणी व्हेराक्रिप्ट. तक्रार एकच असते. पासवर्ड बरोबर आहे, पण उघडायला फार वेळ लागतो. चाक फिरत राहतं. मग माणूस कंटाळून केबल उपटतो, पुन्हा लावतो, आणि दोन-चारदा असं केल्यावर माझ्याकडे येतो. तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, ‘अडलंय की चाललंय?’ याचं उत्तर गिऱ्हाइकाला कधीच देता येत नाही. त्यासाठीच तर तो आलेला असतो.

फरक सांगायची एक साधी युक्ती आहे. पासवर्ड दिल्यावर टास्क मॅनेजर उघडायचा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि डिस्क जवळजवळ गप्प, तर ते गणित चाललंय. हात लावायचा नाही. प्रोसेसर निवांत आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर असून माहिती थेंब-थेंब येतेय, तर आत काहीतरी अडलंय, आणि तिथे वाट बघणं म्हणजे डिस्कला मारणं.

गणित कशाचं, हे सांगायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. आपण दिलेला पासवर्ड ही किल्ली नसते. तो एका हॅश-सूत्रातून काढतात, आलेलं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घालतात, पुन्हा, पुन्हा. व्हेराक्रिप्टमध्ये साध्या डिस्कला ही फेरी नेहमीच्या मांडणीत पाच लाख वेळा होते. जुन्या ट्रूक्रिप्टमध्ये ती हजार-दोन हजारांवर भागायची. 2014 साली ते बंद पडलं, आणि त्यातूनच आधी फुटून निघालेल्या व्हेराक्रिप्टने आकडा मुद्दाम वाढवला. मुद्दाम. मालकाला एकदाच थांबावं लागतं. चोराला मात्र प्रत्येक अंदाजासाठी तेवढंच थांबावं लागतं. एका यंत्रावर एका अंदाजाला एक सेकंद धरला, तर दहा कोटी शब्द तपासायला तीन वर्षांच्या वर जातात. आणि मालकाला ओळखून वाट सोपी करावी, अशी सोय तिथे नाही, कारण मालक कोण हे डिस्कला माहीतच नसतं. पासवर्ड तिने कुठे लिहून ठेवलेला नसतो. पाच लाख फेऱ्यांनंतर जे हाती येतं ते डिस्कच्या सुरुवातीच्या तुकड्याला लावून बघायचं. आत व्ही, ई, आर, ए ही चार अक्षरं नीट उमटली आणि पुढची बेरीज जुळली, की किल्ली बरोबर. नाही उमटली, तर नुसता कचरा. चूक पासवर्ड आणि बरोबर पासवर्ड यांना तोपर्यंत सारखीच वागणूक मिळते. आत बसून ‘याला उघडू, याला थांबवू’ असं ठरवणारं कुणी नाही.

माझे वडील हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. मी कारखान्यातली नोकरी सोडून हे दुकान घातलं, तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. पण ही फेऱ्यांची गोष्ट ऐकल्यावर ते खुर्चीत पुढे सरकून बसले आणि म्हणाले, ‘हा तर जैमिनी.’ यज्ञ आज केला, फळ कितीतरी उशिरा, कधी मेल्यावरसुद्धा. यज्ञ तर संपून गेला, राख निवली. मधल्या काळात फळ कुठे असतं? मीमांसक म्हणतात, कर्मातून एक न दिसणारी शक्ती तयार होते, तिला ते ‘अपूर्व’ म्हणतात, आणि ती वेळ आली की फळते. मध्ये देवाने काही द्यायचं, राखायचं, रागवायचं कारण नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादाच्या शेवटी, बादरायण हे मत जैमिनीच्या नावासकट मांडतो आणि बाजूला सारतो. त्याचं म्हणणं, फळ ईश्वराकडून येतं. जड कर्माला कुणाला कधी काय द्यायचं हे कसं कळणार? आमच्या घरात वडील जैमिनीच्या बाजूचे आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, बादरायणाच्या. काकांचा हट्ट असा, की उशिराला कुणीतरी मालक हवा. मालक नसला तर गाऱ्हाणं घालायचं कुणाकडे? बारा-पाचाच्या नावाने हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ते काय सूत्राला म्हणायचं?

काकांचा हा आक्षेप मला हलका वाटत नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याला ऐकणारा हवा असतो, हे मी रोज बघते. माझ्या दुकानात लोक डिस्कला समजावतात. तरीही उशिराच्या बाबतीत माझा कल वडिलांकडे आहे, आणि त्याला कारण घडलं ते दुकानात आलेल्या एका काकींमुळे.

काकी चौके गावच्या बाजूच्या. यजमान दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, दशावताराचे वेडे. जत्रेतल्या रात्री जागून त्यांनी नाटकं रेकॉर्ड केलेली. गणपती, संकासूर, पूर्वरंग, आख्यान, पहाटेचा दहीकाला, सगळं. त्यांच्यामागे ती डिस्क काकींकडे राहिली. पासवर्ड मुंबईच्या पुतण्याला माहीत होता, त्याने तो फोनवर सांगितला. काकींनी घरच्या जुन्या लॅपटॉपवर घातला आणि वाट बघत बसल्या. उघडेना. पुन्हा घातला. उघडेना. तिसऱ्या दिवशी डिस्क टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे.

‘तेंनी माझ्यार राग धरल्यानी,’ काकी म्हणाल्या. ‘शेवटाक भांडण झाला होता मा आमचा. म्हणान उघडना नाय.’

शेजारणीने आणखी भर घातली होती. देव परीक्षा बघतो, धीर धर, वर्षश्राद्ध झालं की आपोआप उघडेल. हे ऐकून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. दुःखातल्या माणसाला हे वाक्य आपण किती सहज देतो! त्यात एक सोय असते. उशीर कुणाच्या तरी हेतूचा ठरला, की आपल्याला केबल तपासायची गरज उरत नाही.

मी केबल तपासली. त्या रुंद मायक्रो-बी पिनला दोन भाग असतात. मोठा भाग जुन्या यूएसबी 2.0 चा, आणि बाजूचा लहान भाग 3.0 च्या पाच जास्तीच्या पट्ट्यांचा. आमच्या खाऱ्या वाऱ्यात त्या लहान भागावर हिरवट थर चढला होता. असं झालं की डिस्क बंद पडत नाही, मुकाट्याने जुन्या वेगावर उतरते. पाच गिगाबिटची वाट चारशेऐंशी मेगाबिटवर येते, आणि स्क्रीनवर कुठेही तसं स्पष्ट लिहिलेलं येत नाही. पिन स्पिरिटने साफ केली, केबल बदलली. थोडा फरक पडला. थोडाच.

मग डिस्कच्या आतला अहवाल काढला. वाचता न आलेले, निकाल लागायचे राहिलेले सेक्टर शंभराच्या आसपास होते. म्हणजे डिस्क एकेका जागेवर पुन्हापुन्हा डोकं घासत होती, आणि काकींनी मधेच उपटलेल्या केबलने त्यात भर पडली असणार. हे ‘अडलंय’ होतं, अगदी उघड. अशा वेळी आधी उघडायचा प्रयत्न सोडून द्यायचा आणि डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर काढायची. विंडोजची चेकडिस्क तर चुकूनही चालवायची नाही, ती डिस्क धडधाकट समजून तिच्यावर लिहायला लागते. मौज अशी, की या नकलेला पासवर्ड लागत नाही. एकही अक्षर न कळता सगळंच्या सगळं उतरवता येतं. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी घनपाठ म्हणणाऱ्या वैदिकांची आठवण काढली. अर्थ विचारू नका, स्वर चुकणार नाही.

नक्कल चालू असताना विंडोज मधेच विचारत होतं, ही डिस्क फॉरमॅट करू का? त्याच्या दृष्टीने तिथे काहीच नाही. व्हेराक्रिप्टची डिस्क कुलूपबंद असताना यादृच्छिक आकड्यांहून वेगळी दिसतच नाही. आत काही आहे याची खूणसुद्धा बाहेर ठेवलेली नसते. आपल्याला वाचता येत नाही म्हणून रिकामी ठरवणारे पंडित मी विंडोजखेरीज इतरत्रही पाहिले आहेत, आणि ते दोन्ही बाजूंना आहेत.

नक्कल झाली. नवी डिस्क, नवी केबल, साफ पोर्ट. आता ती पटकन उघडेल असं मला वाटत होतं. नाही उघडली. प्रोसेसर शंभर टक्के, डिस्क गप्प. चाललंय, पण किती वेळ!

इथे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे कुठलं हॅश-सूत्र वापरलंय हे डिस्कवर लिहिलेलं नसतं, म्हणून सॉफ्टवेअर एकामागून एक सगळी सूत्रं लावून बघतं. पुतण्याला विचारलं, त्याला एसएचए-512 आठवत होतं. यादीतून ते निवडून दिल्यावर बाकीची दारं ठोठावणं वाचलं. दुसरी गोष्ट पीआयएम नावाचा आकडा. तो घातला की फेऱ्या त्याच्या हजारपट अधिक पंधरा हजार होतात. काही न घालता तो 485 धरला जातो, म्हणून पाच लाख. काकींच्या यजमानांनी तो स्वतः घातला होता, 1978; तोही पुतण्यानेच सांगितला. फेऱ्या झाल्या एकोणीस लाख त्र्याण्णव हजार, नेहमीच्या चौपट. त्यांनी तो लक्षात राहावा म्हणून घेतला असणार. 1978 हे त्यांच्या लग्नाचं साल.

म्हणजे एका उशिरात तीन उशीर होते. एक समुद्राच्या हवेचा, एक म्हाताऱ्या होत चाललेल्या लोखंडाचा, आणि एक खरोखर यजमानांच्या हातचा. तो तिसरासुद्धा रागाचा नव्हता. तो चोरासाठी ठेवलेला होता. काकी त्यात सापडल्या, कारण अशा दाराला मालक आणि चोर यांतला फरक आधी कळत नाही.

म्हणून मला ‘देव परीक्षा बघतो’ हे वाक्य खोटं वाटण्यापेक्षा आळशी वाटतं. परीक्षेचा उशीर असतो, नाही असं नाही. पण तो शेवटी मानायचा, बाकीचे उशीर बाजूला काढल्यावर. कठोपनिषदातल्या नचिकेताची गोष्ट आपण अशीच बिघडवून सांगतो. तीन रात्री यमाच्या दारात उपाशी राहिला, केवढी परीक्षा! पण मूळ गोष्टीत ती परीक्षा नाहीच. यम घरी नव्हता, इतकंच. परत आल्यावर पाहुणा ताटकळला याची त्याला लाज वाटते आणि तो तीन रात्रींचे तीन वर भरपाई म्हणून देतो. परीक्षा पुढे येते, तिसऱ्या वराच्या वेळी, हत्ती, घोडे, सोनं, लांब आयुष्य समोर ठेवून. एकाच गोष्टीत दोन प्रकारचं थांबणं आहे, आणि सांगणाऱ्याने त्यांची गल्लत केलेली नाही. गल्लत करणारे आपण. मृत्यूच्या देवालासुद्धा उशिराबद्दल माफी मागावीशी वाटते, हे आपल्याकडच्या उपदेशकांना फारसं आवडत नसावं. कीर्तनात तरी मी ते कधी ऐकलं नाही.

16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं आणि नंतर कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हाही कुणी समुद्राच्या कोपावर बोललं, कुणी कलियुगावर. खांब पडले होते. बाहेरून वायरमन आले, गावच्या पोरांनी खांब ओढायला हात लावला, आणि वीज आली. त्या दिवसांत कुणी देवाचं नाव घेतलं म्हणून माझी तक्रार नाही. मीही घेतलं, वारा घोंघावत होता तेव्हा. पण नंतरच्या अंधाराचं उत्तर खांबात होतं.

उलट चूकही तितकीच मोठी, आणि ती आमच्या पिढीची. आम्हाला सगळाच उशीर बिघाड वाटतो. चाललेलं गणित दोन मिनिटं दिसलं नाही की केबल उपटायची. कौल लावताना मी लहानपणी बघितलंय. पाषाणाला पाण्याने लावलेले कळे, गुरव बाजूला उभा, मानकरी गप्प, आणि तासभर काहीच पडत नाही. फुंकर मारून कळा पाडणं कुणालाही जमलं असतं. कुणी मारत नाही. कळे कोण पाडतं याबद्दल माझं मत वडिलांसारखंच आहे, पाणी सुकतं आणि कळा पडतो. पण फुंकर न मारणारे लोक मला मूर्ख वाटत नाहीत. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखही पंचांगात नसते, कौलावर ठरते. ती कळेपर्यंत मुंबईतला चाकरमानी रेल्वेचं तिकीट काढू शकत नाही, आणि तरी तारीख छापून टाका असा अर्ज कुणी करत नाही. ज्यांना हे थांबणं येतं त्यांच्या डिस्क कमी बिघडतात. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग तू आमच्याच बाजूची.’ मी नाही म्हटलं. थांबता येण्यासाठी कुणी थांबवणारा असावा लागत नाही. त्यावर त्यांचं म्हणणं, की असा माणूस मी त्यांना दाखवावा. तो वाद आमचा चालूच आहे.

काकींना मी सगळं समजावलं. हिरवा थर, खराब सेक्टर, आणि शेवटी 1978. आकडा ऐकून त्या हसल्या, मग पदराने डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. मी म्हटलं, हा आकडा बदलता येतो. डिस्कच्या सुरुवातीचा छोटा तुकडा तेवढा नव्याने लिहिला जातो, आतली नाटकं तशीच राहतात. मला वाटलं होतं, त्या तो तसाच ठेवायला सांगतील.

‘कमी कर गो,’ काकी म्हणाल्या. ‘लग्नाक जितकी वरसा, तितको येळ हय कित्याक? माका चुलीर आमटी ठेवन येवक लागता.’

पण सॉफ्टवेअर तयार नव्हतं. पासवर्ड वीस अक्षरांहून छोटा असेल तर ते 485 च्या खाली जाऊच देत नाही. यंत्राचे कष्ट कमी करायचे तर आपण जास्त लक्षात ठेवायचं, असा सरळ सौदा आहे. काकींनी विचार केला आणि म्हणाल्या, मग मोठा घालते. मी खुर्ची फिरवून पाठमोरी बसले. एका बोटाने त्यांचं टाइप करणं चालू झालं, मधेमधे पुटपुटणं. दोनदा लिहायचा असतो, दोन्ही वेळा सारखा आला नाही. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा जुळला.

मी आकडा शंभरावर आणला आणि डिस्क उघडून दिली. बोलेपर्यंत उघडली. काकींनी पहिलंच फोल्डर उघडलं. मृदंग सुरू झाला, झांज आली, संकासूर पडद्याआडून काहीतरी बोलला आणि प्रेक्षक हसले. काकी पुढे वाकून ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

‘आवाज बारीक येता मगे. तो पण वाढव.’